मेममेकर, कॉन्फिग डॉट सिस आणि दादाच्या हातची मांडणी

आडतलाइन (लातूर)

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण मधली एकही गोष्ट गाळली तर प्रश्न कळणार नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत मार्केट यार्डातल्या आमच्या जुन्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर ४८६ मशीन सापडलं. १९९४ साली घेतलेलं. वर बारदान्याचे गठ्ठे रचले होते. मदरबोर्डवरची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी फुटून आजूबाजूच्या तांब्याच्या रेघांवर हिरवट-निळं पीठ चढलं होतं. सगळ्यात आधी हार्ड डिस्क काढून तिची पूर्ण प्रत घेतली. मग बॅटरी कापली. त्यातला द्रव अल्कली असतो, म्हणून व्हिनेगरचे बोळे फिरवले, नंतर स्पिरिटने पुसून दोन दिवस उन्हात ठेवलं. डिस्कच्या लेबलवर सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे होते, ते बायोसमध्ये हाताने भरले. मशीन चालू झालं. आमचा आडतीचा प्रोग्राम अजून उघडतो, पण महिन्याचा हिशोब मागितला की मेमरी पुरत नाही म्हणून बंद पडतो.

हा प्रोग्राम क्लिपरमध्ये (डॉसवर हिशोबाचे प्रोग्राम लिहायच्या भाषेत) बांधलेला आहे. सौदा, पट्टी, हमाली, तोलाई, बारदाना, उधारी अशा सगळ्या फाइली तो एकदम उघडतो. वापरायचा माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो. बी.कॉम. झालेला. डॉस (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करायची प्रणाली) तो पुस्तकावरून शिकला आणि कॉन्फिग डॉट सिस, म्हणजे मशीन चालू होताना डॉस वाचतं ती मांडणीची फाइल, त्याने रोकड वहीसारखी मांडली होती. सगळ्या ओळींतलं बरोबरचं चिन्ह एकाखाली एक, जशी जमेची आणि नाव्याची घरं असतात. प्रत्येक ओळीच्या वर रेम (टीप लिहायची आज्ञा) लावून, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून, ती ओळ कशासाठी आहे ते नोंदवलेलं. मी तेव्हा शाळेत होतो. निळ्या पडद्यावर ती फाइल उघडली की वही उघडल्यासारखं वाटायचं, हे मला अजून आठवतं.

१९९५ च्या उन्हाळ्यात महिनाअखेरीला प्रोग्राम असाच अडला. कुणीतरी सांगितलं, डॉस ६ मध्ये मेममेकर आहे, तो मेमरी मोकळी करून देतो. दादा बाहेरगावी गेला होता. मी मेममेकर चालवला, त्याच्या प्रश्नांना एन्टर एन्टर करत गेलो. मशीन दोनदा आपोआप बंद होऊन चालू झालं आणि काम झालं. प्रोग्राम पळायला लागला. पण फाइली उघडून बघतो तर ओळी अशा, आठवतात तेवढ्या:

डिव्हाइसहाय /एल:१,१२०४८ =सी:\डॉस\सेटव्हर.ईएक्सई
एलएच /एल:०;१,४५४८८ /एस सी:\डॉस\स्मार्टड्रव्ह.ईएक्सई ... (पुढचं आठवत नाही)

बरोबरच्या आधी एकच विचित्र जागा आणि पुढे चिकटलेला रस्ता. बफर्स, फाइल्स वर सरकलेले. डॉस=हाय आणि डॉस=यूएमबी, जे दादाने एका ओळीत लिहिलं होतं, त्याच्या दोन वेगळ्या ओळी. रेमच्या ओळी होत्या, पण ज्या ओळींसाठी लिहिल्या होत्या त्या त्यांच्या खाली उरल्या नव्हत्या. दादा आला, त्याने फाइल वरपासून खालपर्यंत वाचली आणि एवढंच म्हणाला, "ही काय केलास? आता ही वाचायची कशी?" पण हंगाम होता, प्रोग्राम चालत होता, राहू दिलं. डॉट यूएमबी नावाच्या जुन्या प्रती मेममेकरने ठेवल्या होत्या, त्या पुढे कधीतरी जागा करताना पुसल्या गेल्या.

१९९६ मध्ये सीडी ड्राइव्ह बसवायला एक मिस्त्री आला. त्याने त्याचा ड्रायव्हर वरच्या मेमरीतच घातला. प्रोग्राम पुन्हा मेमरीला अडला. मग त्याने ते आकडेवाले सगळे खोडले, रेमही "कचरा आहे" म्हणून उडवले आणि नव्याने आठ-दहा ओळी टाइप करून दिल्या. तीच फाइल आज डिस्कवर आहे.

आणि १९९७ ला तुरीच्या हंगामात, जानेवारीत, दुपारी लाइट गेली. लाइट येऊन मशीन लागलं तेव्हा सकाळचे बरेचसे सौदे फाइलीत नव्हते. दादा आणि मुनीमजी रात्री अकरापर्यंत कच्च्या चिठ्ठ्या गोळा करत बसले होते. शेतकरी पट्टीसाठी ओट्यावर थांबलेले. ते चेहरे मी विसरलो नाही. तेव्हा सगळ्यांनी लाइटला दोष दिला.

आता प्रश्न. दादाची मांडणी परत आणून, आकड्यांशिवाय, तेवढीच मेमरी मिळवता येईल का? मशीनवर डॉस ६.० आहे. सध्याची ऑटोएक्झेक (चालू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) अशी आहे: वर पाथ आणि प्रॉम्प्ट, मग एलएच सी:\डॉस\स्मार्टड्रव्ह.ईएक्सई, एलएच डॉसकी, सीडीसाठी एमएससीडीईएक्स, सेट क्लिपर=एफ६०, आणि शेवटी प्रोग्राम. मेम (मेमरी दाखवणारी आज्ञा) दाखवतं, सगळ्यात मोठ्या प्रोग्रामला जागा ५६१ के.

डॉसकी (नांदेड)

वाचून बसल्या बसल्या उत्तर लिहायला घेतलं. आधी मेमरीचं.

डिव्हाइसहाय आणि एलएच (लोडहाय) म्हणजे वरच्या मेमरीत, ६४० के च्या वरच्या भागात बसवा. ते /एल म्हणजे जागेचा पत्ता. एल:१ म्हणजे वरच्या मेमरीतला पहिला मोकळा पट्टा, आणि स्वल्पविरामानंतरचा आकडा म्हणजे त्या पट्ट्यात किमान एवढे बाइट मोकळे असले तरच हा ड्रायव्हर तिथे बसवा. मेममेकर मशीन दोनदा चालू करतो ते ह्याचसाठी. पहिल्यांदा सायझर नावाचा छोटा प्रोग्राम प्रत्येक ड्रायव्हर चढताना किती जागा मागतो आणि बसल्यावर किती उरवतो ते मोजतो, मग कोण कुठे बसला तर सगळ्यात जास्त मावतात ह्याचं गणित होतं, आणि ते गणित तुमच्या फाइलीत आकड्यांनी कोरलं जातं. त्या दिवसाचं गणित. दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर आला की ते चुकतं, पण आकडे तसेच राहतात.

तुमच्या मिस्त्रीने सीडीचा ड्रायव्हर वरच्या मेमरीत घातला. त्याच्यावर /एल नसणार, म्हणजे तो सरळ सगळ्यात मोठ्या मोकळ्या पट्ट्यात जाऊन बसला. त्याच्यामागून आलेल्याला त्याची किमान जागा मिळाली नाही, तो गुपचूप खालच्या ६४० के मध्ये उतरला. पडद्यावर काही येत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. मेम /सी /पी दिलं की कोण खाली आणि कोण वर ते दिसतं.

हाताने करायचं असेल तर पद्धत साधी आहे. हायमेम आधी, मग ईएमएम३८६ ला (दोन्ही मेमरी सांभाळणारे ड्रायव्हर) नोईएमएस, कारण ईएमएसची (जुन्या पद्धतीच्या जादा मेमरीची) ६४ के ची खिडकी तुमच्या प्रोग्रामला लागत नसेल तर ती जागा वाचते. रंगीत व्हीजीए असेल तर आय=बी०००-बी७एफएफ लावा, तो भाग जुन्या एकरंगी पडद्याचा, बहुतेक रिकामाच असतो. पडदा बिघडला तर काढून टाका. मग डॉस=हाय,यूएमबी. आणि ड्रायव्हर मोठ्यापासून लहान अशा क्रमाने. आकडे लागत नाहीत.

पण आडतलाइन, मला दुसरंच काहीतरी खटकतंय. तुमच्या सध्याच्या फाइलीत स्मार्टड्रव्हच्या (डिस्कचा वेग वाढवणाऱ्या प्रोग्रामच्या) पुढे काहीच नाही. डॉस ६.० मध्ये ते असं मोकळं चालवलं की हार्ड डिस्कचं वाचणं आणि लिहिणं, दोन्ही मेमरीत अडवून ठेवलं जातं. तुम्ही नोंद साठवली असं वाटतं, पण ती अजून डिस्कवर गेलेलीच नसते. तेवढ्यात लाइट गेली की गेलं. पुढे ६.२ मध्ये सुधारणा झाली, लिहिणं पूर्ण झाल्याशिवाय प्रॉम्प्ट परत येत नाही. पण तुमचं ६.० आहे. पुढे नुसतं सी (डिस्कचं अक्षर) लिहिलं असतं तर फक्त वाचणं साठवलं गेलं असतं, लिहिणं थेट डिस्कवर.

दादाच्या मूळ फाइलीत तिथे सी होता का?

उदगीरकर

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही तुरीच्या दिवसात असंच एकदा झालं होतं, कारण आज कळतंय. डॉसकी, धन्यवाद.

परभणीचे सर

धागा मनापासून लिहिला आहे म्हणून मतभेदही मनापासून मांडतो.

मी १९९३ पासून मुलांना डॉस शिकवलं. ह्या साधनावर अन्याय होऊ नये असं वाटतं. मुळात अडचण कुठून आली ते पाहा. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमधल्या ८०८८ ला वीस पत्त्याच्या तारा होत्या, म्हणजे १०२४ के च्या पुढे त्याला दिसतच नव्हतं. त्यातले वरचे ३८४ के पडदा, बायोस आणि कार्डांसाठी राखून ठेवले, उरले ६४०. पुढे मशीनमध्ये चार-आठ एमबी आल्या तरी डॉसचे प्रोग्राम त्या ६४० मध्येच जगत होते. १९९१ च्या डॉस ५ ने डिव्हाइसहाय आणि लोडहाय दिलं, पण कुठला ड्रायव्हर कुठे मावेल हे माणसाने प्रयोग करत बसायचं. एक ओळ हलवा, मशीन बंद-चालू करा, मेम बघा. मी ह्यात अख्खे रविवार घालवलेत. मेममेकरने ते काम काही मिनिटांत केलं. ज्या दुकानदाराला डॉस शिकायला वेळ नव्हता त्याच्यासाठी ते मोठंच होतं.

शिवाय त्याने काही चोरून केलं नाही. शेवटी तो विचारायचा, मशीन नीट चालू झालं का? नाही म्हटलं तर जुनं परत. नंतर वाटलं तर मेममेकर /अनडू. मूळ फाइलींची प्रत डॉट यूएमबी नावाने ठेवायचा. ज्याला काय हलवायचं नि काय नाही हे ठरवायचं असेल त्याच्यासाठी कस्टम मार्ग होता, तिथे प्रत्येक ड्रायव्हरबद्दल हो-नाही विचारायची सोय होती. आणि हेही खरं की डॉस ६ मध्ये सुरुवातीला पर्यायांचा मेनू देता यायचा, तशी मेनूवाली फाइल त्याला पेलत नव्हती. प्रत्येक पर्यायाची फाइल वेगळी करून, वेगवेगळी तपासून, मग जोडायची असं डॉसच्या पुस्तकातच लिहिलं होतं. म्हणजे मर्यादा झाकली नव्हती.

रेम पुसले ते माणसाने. सी गाळला असेल तर तोही माणसाने. कॉन्फिग डॉट सिस ही मशीनला दिलेली आज्ञा आहे, आणि मशीनला समजेल तशी ती लिहिली तर त्यात गैर काय?

शाईदौत (बीड)

सरांच्या बाजूने एक अनुभव देते.

१९९५-९६ मध्ये मी एका कार्यालयात टंकलेखनाला होते. मराठीसाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं, त्यावर रोजचे आदेश, टिपण्या. मशीन सावकाश झालं म्हणून एकाने मेममेकर लावला आणि दुसऱ्यांदा मशीन चालू होत असतानाच लाइट गेली. बीडात तेव्हा हे रोजचं होतं. आम्ही घाबरलो, कारण त्या क्षणी दोन्ही फाइली अर्धवट होत्या. कॉन्फिगमध्ये चेकस्टेटची ओळ, ऑटोएक्झेकमध्ये मेममेकरची स्वतःची ओळ, पुढे सेशनचा आकडा. लाइट आल्यावर मशीन उठलं ते मेममेकरलाच घेऊन. पडद्यावर विचारलं होतं, जपून पुन्हा करून बघायचं की सगळं रद्द करून आधीसारखं करायचं. मी रद्द केलं. जुनी फाइल जशीच्या तशी आली, एकही जागा इकडची तिकडे नाही, कारण त्याने मूळ प्रतच परत ठेवली होती. इतक्या जपणुकीने काम करणारं साधन मला तेव्हा दुसरं माहीत नव्हतं.

पण सर, शेवटचं वाक्य मला पटत नाही. फाइल मशीनसाठी असती तर रेम ही आज्ञाच कशाला ठेवली असती? मशीन रेमची ओळ वाचून पुढे जातं, तिच्यातलं त्याच्या कामाचं काही नसतं. ती फक्त पुढच्या माणसासाठी आहे. आमच्या कार्यालयात माझ्यानंतर जी मुलगी आली तिला कार्डाच्या ड्रायव्हरची ओळ का आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. मी रेम लिहून ठेवली होती, तिने ती वाचली आणि ओळीला हात लावला नाही. पुढे कधीतरी भेटली तेव्हा तिने मला हे सांगितलं.

कोडपाटी (जालना)

मी आजच्या काळातला आहे, डॉस वडिलांकडून ऐकलेलं. पण हा प्रश्न गेलेला नाही. यामलच्या (सेटिंग लिहायच्या आजच्या एका पद्धतीच्या) फाइली पायथनने वाचून परत लिहिल्या की नेहमीची पायवायामल लायब्ररी सगळ्या टिपा टाकून देते, कारण तिने वाचताना टिपा उचललेल्याच नसतात. रुआमेल वापरलं तर टिपा आणि मांडणी जपली जाते. जेसन ह्या तशाच दुसऱ्या पद्धतीत तर टिपेला जागाच नाही. लिनक्समध्ये ऑजियस नावाचं साधन आहे, त्याची बांधणीच ह्या हेतूने झाली की बदल करताना ज्या ओळीला हात लावायचा नाही तिची जागा, टीप काहीही हलू नये. म्हणजे हे करणं शक्य आहे, फक्त कुणीतरी ते काम म्हणून हातात घ्यावं लागतं.

आमच्या कंपनीत मागच्या वर्षी एका आपोआप चालणाऱ्या साधनाने एका सर्व्हरच्या फाइलीतली "हा आकडा वाढवू नका, कारण खाली दिलंय" ही टीप उडवली. तीन महिन्यांनी एकाने आकडा वाढवला. बाकी सांगत नाही, पण आडतलाइनदादा, तुमच्या १९९७ च्या जानेवारीचं वाचून अंगावर काटा आला.

एक काळजी घ्या. मांडणी परत करताना ऑटोएक्झेकमधल्या सेटच्या ओळीत बरोबरच्या आधी जागा सोडू नका. वडील सांगतात की कॉन्फिग डॉट सिसला ती जागा चालते, पण सेटमध्ये ती नावाचाच भाग होते.

डॉसकी (नांदेड)

कोडपाटीच्या वडिलांना नमस्कार, अगदी बरोबर. सेट क्लिपर =एफ६० असं लिहिलं तर तुम्ही "क्लिपर आणि एक जागा" ह्या नावाचा चल (व्हेरिएबल) तयार केला. प्रोग्राम नुसता "क्लिपर" शोधतो, त्याला सापडत नाही, आणि साठ फाइलींची परवानगी मिळतच नाही. क्लिपरच्या समर ८७ आवृत्तीच्या प्रोग्रामांत ही चूक मी कितीतरी ठिकाणी पाहिली. प्रोग्राम अर्ध्यात फाइल उघडता येत नाही म्हणतो आणि माणूस हार्ड डिस्क तपासत बसतो. आणि नुसतं सेट क्लिपर पुरत नाही, कॉन्फिगमध्ये फाइल्सही तेवढेच हवेत.

आडतलाइन (लातूर)

सर्वांचे आभार. सर, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. मेममेकरने मला फसवलं नाही, हे मी मान्य करतो. शाईदौतताईंनी सांगितलं तशी प्रतही त्याने ठेवली होती, आणि अनडू मला माहीत असतं तर दादा आल्या दिवशीच सगळं मागे घेतलं असतं.

पण मला जे म्हणायचं आहे ते असं. १९९५ च्या आधी ती फाइल बघितली की कळायचं, हे कुणीतरी बसून लिहिलंय. रोकड वहीवर कुणी परक्याने रेघ मारायची हिंमत करत नाही, कारण ती कुणाच्या हातची आहे हे दिसतं. मेममेकरनंतर ती फाइल मशीनने काढलेल्या पावतीसारखी दिसायला लागली. मिस्त्रीला तिथे कुणाचा हात दिसला नाही, म्हणून त्याने सगळं एकदम पुसलं. दादाची मांडणी तशीच असती तर त्याने निदान विचारलं असतं, असं मला आजही वाटतं.

डॉसकी, तुमच्या सी च्या प्रश्नाने रात्रभर झोप लागली नाही. दादाला फोन केला. तो आता पुण्यात मुलाकडे असतो. त्याला सी आठवला नाही, पण म्हणाला, "मी फाइल छापून ठेवायचो. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या खातेवहीच्या पुठ्ठ्यात बघ." वह्या गावाकडे माळवदाच्या खोलीत आहेत. रविवारी जातो.

आडतलाइन (लातूर)

सापडलं.

लाल कापडी खातेवही, दोरीने बांधलेली. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला डिंकाने चिकटवलेला कागद. दोन्ही कडांना भोकांची पट्टी असलेला, डॉट मॅट्रिक्सवर छापलेला, शाई फिकट जांभळी झालेली. वर तारीख हाताने: ११ डिसेंबर १९९४. वरच्या बाजूला कॉन्फिग, खाली ऑटोएक्झेक. तिथे इंग्रजी अक्षरांत आहे ते मी इथे देवनागरीत उतरवतो.

रेम सौदा पट्टी हमाली तोलाई बारदाना उधारी एकदम उघडतात, साठ लागतात
फाइल्स   = ६०
रेम ह्याहून वाढवले तर मेमरी जाते, फायदा नाही
बफर्स    = १५

आणि खालच्या भागात:

रेम लाइट कधीही जाते. लिहिणे अडवू नये. पुढचा सी काढू नये
सी:\डॉस\स्मार्टड्रव्ह.ईएक्सई सी
रेम इथे बरोबरच्या आधी जागा नको, प्रोग्रामला सापडत नाही
सेट क्लिपर=एफ६०

डॉसकी, सी होता. आणि का होता तेही लिहिलं होतं. कोडपाटी, तुमच्या वडिलांनी सांगितलेली जागेची गोष्टही त्याला माहीत होती. पूर्ण कॉन्फिग त्याने घरं पाडून मांडली, आणि नेमक्या त्या एका सेटच्या ओळीत घर पाडलं नाही, कारण तिथे पाडता येत नव्हतं.

कागदाचा फोटो दादाला पाठवला. बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग फोन आला. मुनीमजींचं नाव घेतलं, ते २००९ ला गेले. त्या रात्री ओट्यावर बसलेल्यांतले दोन शेतकरी औशाकडचे होते, त्यांची गावं त्याला अजून पाठ आहेत. म्हणाला, "मला वाटायचं, माझ्याच नोंदी साठवायच्या राहिल्या असतील."

अठ्ठावीस वर्षं तो हे मनात धरून होता. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

डॉसकी (नांदेड)

दादांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नोंदी साठवल्या होत्या. एन्टर दाबलं होतं, प्रोग्रामने हो म्हटलं होतं. पुढचं त्यांच्या हातात उरलं नव्हतं.

परभणीचे सर

माझं वाक्य मागे घेतो. मुलांना मी रेम शिकवताना "मशीन हे वाचत नाही" एवढंच सांगून पुढे जायचो. शाईदौतताईंनी लिहिलं ते सांगायला हवं होतं.

आडतलाइन, तो कागद डिंकावरून उचलू नका, फाटेल. आहे तसाच पुठ्ठ्यासकट स्कॅन करा.

आडतलाइन (लातूर)

सर, स्कॅन केला, पुठ्ठ्यासकट.

कामाचं सांगतो. कागदावरची फाइल समोर ठेवून नवी लिहिली. नोईएमएस लावलं, बी००० चा पट्टा घेतला, पडदा ठीक आहे. सीडीचा ड्रायव्हर आणि एमएससीडीईएक्स काढून टाकले, आता त्यांचं काम नाही. बाकीचे मोठ्यापासून लहान क्रमाने, नुसतं डिव्हाइसहाय आणि एलएच, एकही आकडा नाही. मशीन चालू केलं: सगळ्यात मोठ्या प्रोग्रामला जागा ५९८ के.

मग सरांचा मान राखायचा म्हणून, दुसऱ्या डिस्कवर तीच फाइल टाकून मेममेकरही चालवला. ह्या वेळी कस्टम मार्गाने, विंडोजसाठी जागा राखू नको असं सांगून. ६०४ के. म्हणजे आकड्यांनी सहा के जास्त दिले. प्रोग्रामचा महिन्याचा हिशोब ५९८ मध्येही पूर्ण होतो, तेव्हा सहा के सोडले. त्या डिस्कवर मग /अनडू दिलं आणि फाइल शब्दशः परत आली, ताईंनी म्हटलं तशी. दोन्ही फाइली कंपेअरने तपासल्या, एकही फरक नाही.

सगळ्यात वर एक नवी रेम घातली: ही फाइल हाताने मांडलेली आहे, मेममेकर चालवायचा असेल तर आधी प्रत घ्यावी, बदल केल्यास कारण लिहावे. खाली दादाचं नाव आणि १९९४.

१९९५ च्या जानेवारीचा हिशोब काढला. डॉट मॅट्रिक्सची रिबन बाजारात एकाच दुकानात मिळाली. तुरीच्या पट्ट्या छापून निघाल्या, तोलाई, हमाली, आडत, सगळे रकाने जागेवर. त्यातली एक आणि निळ्या पडद्यावरच्या नव्या कॉन्फिगचा फोटो दादाला पाठवला.

दहा मिनिटांत फोन. पट्टीबद्दल काही बोललाच नाही. म्हणाला, "बफर्सची ओळ एक घर डावीकडं सरकलीय बघ."

बघितलं. खरंच सरकली होती. एक जागा घातली, साठवली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि परत फोटो पाठवला.